मस्टर कोणाच्या कपाटात होतं?

३१ मे २०२० रोजी अमेरिकेत आयरीन ट्रिपलेट नावाची नव्वद वर्षांची बाई वारली आणि अमेरिकी सरकारच्या वहीतलं एक फार जुनं खातं बंद झालं. तिला दरमहा ७३ डॉलर १३ सेंट पेन्शन मिळत असे, वडिलांच्या लष्करी नोकरीबद्दल. वडील लढले होते ते १८६५ मध्ये संपलेल्या यादवी युद्धात. म्हातारपणी दुसरं लग्न, त्र्याऐंशीव्या वर्षी मुलगी, मुलगी अपंग म्हणून तिला तहहयात पेन्शन, असा तो हिशेब. माजी सैनिकांच्या सवलतींवर टीका करणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते. सैनिक एकदा तिजोरीच्या मानगुटीवर बसला की दीडशे वर्षं उतरत नाही, हे त्यांना त्यातून सुचवायचं असतं.

ही गोष्ट हल्ली पुन्हा कानावर येते, कारण ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने ‘पॅक्ट’ नावाचा कायदा केला. इराक आणि अफगाणिस्तानातल्या लष्करी तळांवर कचरा उघड्या खड्ड्यांत जाळला जायचा. प्लास्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्यातला कचरा, विष्ठा, सगळं एकत्र, आणि पेट घ्यावा म्हणून वरून विमानाचं इंधन. बगदादच्या उत्तरेला असलेल्या बलाद तळावरचा खड्डा दहा एकरांवर पसरला होता. त्या धुरात महिनोन् महिने राहिलेल्यांना पुढे जे श्वसनाचे आजार आणि कर्करोग झाले, त्यांतले वीसहून अधिक आजार नोकरीमुळेच झाले, असं आता सरकार धरून चालतं. दावेदाराने ते वेगळं सिद्ध करायची गरज नाही. याच कायद्याने व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठीच्या अशा आजारांच्या यादीत उच्च रक्तदाबही घातला. दहा वर्षांचा अंदाजित खर्च सुमारे २८० अब्ज डॉलर. तेव्हापासून तिथे जी भांडाभांडी चालू आहे, तिच्यात एक बाजू म्हणते हे फुकटे आहेत. दुसरी म्हणते हे वीर आहेत, त्यांना प्रश्न विचारता कसा? न्यू जर्सीत राहणारा आणि दर एप्रिलला कर भरताना चिडणारा माझा एक मित्र पहिल्या बाजूचा आहे. ‘पंच्याहत्तरीच्या माणसाला बीपी झालं, त्यात व्हिएतनामचा काय संबंध?’ हा त्याचा सवाल. सवाल चांगला आहे. त्याला उत्तर म्हणून झेंडा दाखवणं हे उत्तर नव्हे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सैनिक लबाड की शूर, हा इथे प्रश्नच नाही. एखादा रोग नोकरीतल्या विषामुळे झाला की एरवीच झाला, हे डॉक्टरला, न्यायाधीशाला, खुद्द रोग्यालाही खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा त्या शंकेची किंमत कोणी मोजायची, एवढाच प्रश्न आहे. आणि ज्याने हुकूम दिला, ज्याच्या ताब्यात नोंदी होत्या, आणि ज्याने विचारलं तेव्हा वर्षानुवर्षं ‘तसं काही नाही’ म्हटलं, त्याने ती मोजली पाहिजे. यात उपकार नाहीत आणि कृतज्ञताही नाही. पुराव्याच्या कायद्यातला हा साधा न्याय आहे.

हे मला सैन्यातून नव्हे, फाउंड्रीतून कळलं. कोल्हापूरच्या आसपासच्या कामगारांचे खटले मी पंचवीस वर्षं चालवले. फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामावर, अठरा वर्षं काढलेला एक माणूस सिलिकोसिसने धापा टाकत माझ्याकडे आला. आपल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला परिशिष्ट होतं. त्यात एका बाजूला रोग लिहिलेले, दुसऱ्या बाजूला धंदे. ठरलेल्या धंद्यात ठरलेला काळ काम केलं आणि ठरलेला रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असं कायदा मानत असे. ब्रिटिशांनी ही कल्पना १९०६ मध्येच आणली होती, शिसं, पारा आणि फॉस्फरसच्या कामगारांसाठी. म्हणजे माझ्या पक्षकाराला सिलिकाच्या कणाने फुप्फुस कसं झिजतं हे सांगायचं नव्हतं, फक्त अठरा वर्षं तिथे होता एवढंच दाखवायचं होतं. तिथेच गाडी अडली. कारखान्याने सांगितलं, हजेरीचं मस्टर २००५ च्या पुरात भिजलं. पंचगंगेला पूर आला होता हे खरंच. पण त्याच कपाटातली कर्जाची कागदपत्रं मात्र कोरडी निघाली. त्या दिवसापासून विषारी पदार्थांचा कुठलाही दावा पुढे आला की मी आधी विचारतो, मस्टर कोणाच्या कपाटात होतं?

हा प्रश्न घेऊन अमेरिकेच्या इतिहासात शिरा. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाने दक्षिण व्हिएतनामवर सुमारे साडेसात कोटी लिटर वनस्पतिनाशकं फवारली. शत्रूला लपायला झाडी उरू नये आणि खायला पीक उरू नये म्हणून. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा ज्या मिश्रणाचा होता, त्याच्या पिंपांवर नारिंगी पट्टा असे, म्हणून त्याला एजंट ऑरेंज म्हणत. तणनाशक म्हणून त्यातली दोन्ही रसायनं शेतकऱ्यांच्या ओळखीची. पण त्यांतलं एक तयार करताना उप-उत्पादन म्हणून डायॉक्सिन निघे, आणि ते अतिसूक्ष्म प्रमाणातही घातक. परतलेले सैनिक आजारी पडू लागले. माजी सैनिकांचं खातं, ज्याला तिथे ‘व्हीए’ म्हणतात, ते १९८५ च्या नियमांत क्लोरॅक्ने या मुरुमांसारख्या त्वचारोगाखेरीज एकाही आजाराचा एजंट ऑरेंजशी संबंध मानायला तयार नव्हतं. मग संशोधन करा, असं संसदेने सांगितलं. ते काम सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेकडे गेलं आणि १९८७ मध्ये ते सोडून देण्यात आलं. कारण काय दिलं? कोणता सैनिक किती फवाऱ्याखाली होता, हे लष्कराच्या नोंदींवरून ठरवता येत नाही.

हे वाक्य पुन्हा वाचावं असं आहे. अख्ख्या सरकारी यंत्रणेला, लष्कराची सगळी दप्तरं उघडी असताना, जे ठरवता आलं नाही, ते ओहायोतल्या एका ट्रकचालकाने आपल्या दाव्याच्या अर्जात ठरवून दाखवावं अशी अपेक्षा होती. १९८९ मध्ये एका संघीय न्यायालयाने व्हीएचे ते नियम मोडीत काढले. कार्यकारणाचा पक्का पुरावा मागू नका, सांख्यिकी संबंध दिसतो का तेवढं पाहा, असं सांगितलं. १९९१ च्या कायद्याने पुढचं पाऊल टाकलं: जो व्हिएतनाममध्ये होता तो एजंट ऑरेंजच्या संपर्कात आला असं धरायचं, आणि कोणत्या रोगाचा संबंध आहे ते विज्ञान अकादमीने दर दोन वर्षांनी तपासायचं. यालाच तिकडे ‘प्रिझम्प्शन’ म्हणतात. आपण गृहीतक म्हणू. आज ज्याला खैरात म्हणून शिव्या घातल्या जातात ते हेच. त्याचा जन्म मात्र दयेतून झालेला नाही. सरकारनेच ‘आम्हाला सांगता येत नाही’ असं लिहून दिलं, त्यातून ते जन्मलं.

आणि हे एकदाच घडलं असंही नाही. अणुचाचण्यांच्या वेळी खंदकांत उभे केलेले सैनिक घ्या. त्यांना गुप्ततेची शपथ होती. काय पाहिलं, कुठे उभे होतो, हे डॉक्टरलाही सांगायची सोय नव्हती, आणि ती बंदी १९९६ पर्यंत उठली नाही. त्यांनी दावा करायचा तो कशाच्या आधारावर? सेवापुस्तिका मागवावी, तर १९७३ च्या जुलैमध्ये सेंट लुईसजवळच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागून सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या होत्या, आणि त्यांत त्याच काळातल्या भूदल-हवाईदलाच्या फायलींचा भरणा होता. आमच्याकडे पूर, त्यांच्याकडे आग.

१९९१ च्या आखाती युद्धाची गोष्ट तर आकड्यांतच सांगता येते. इराकमधल्या खमिसिया इथला दारूगोळ्याचा साठा अमेरिकी सैन्याने मार्च १९९१ मध्ये उडवला. त्यात सरीन या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या वायूचे रॉकेट होते. पेंटॅगॉनने ते कबूल केलं १९९६ मध्ये. तेव्हा संपर्कात आलेल्या सैनिकांची संख्या काही शे सांगितली. मग ती काही हजार झाली, मग वीस हजारांच्या आसपास गेली, आणि १९९७ मध्ये सुमारे एक लाखावर पोचली. मधल्या पाच-सहा वर्षांत डोकेदुखी, स्मृतिभ्रंश, स्नायूंच्या वेदना घेऊन जे दवाखान्यात गेले त्यांना ‘हा मनाचा ताण आहे’ असं सांगून परत पाठवलं जात होतं. त्यांनी १९९३ मध्ये पुरावा आणायचा होता, आणि पुरावा तर १९९६ पर्यंत सरकारनेच मान्य केलेला नव्हता.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू. तिचे मुद्दे हलके नाहीत, आणि ‘सैनिकाचा अपमान’ म्हणून ते झटकून टाकणाऱ्यांनीच हा वाद नासवला आहे.

पहिला मुद्दा विज्ञानाचा. मधुमेह आणि रक्तदाब हे म्हातारपणाचे सोबती आहेत. २००१ पासून टाइप टू मधुमेह एजंट ऑरेंजच्या यादीत आहे. ज्यांना तो मिळाला त्यांतल्या बहुसंख्यांना तो व्हिएतनामला न जाताही झालाच असता, हे जवळपास निश्चित आहे. विज्ञान अकादमीने या आजारासाठी वापरलेला शब्द ‘मर्यादित, सूचक’ असा आहे. सिद्ध असा नाही. कचऱ्याच्या धुराबाबत तर २०२० मध्ये अकादमीने बहुतेक श्वसनविकारांसाठी पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं, आणि दोन वर्षांत संसदेने ते आजार यादीत घातले. म्हणजे शास्त्रज्ञ थांबा म्हणत होते आणि राजकारणी पुढे गेले. हे मान्य करायला हवं.

दुसरा मुद्दा पैशांचा आणि मतांचा. यादीत नाव घालणं सोपं. काढणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही. यादवी युद्धानंतर उत्तरेकडच्या सैनिकांची संघटना इतकी बलवान झाली की १८९० मध्ये नव्वद दिवस नोकरी आणि अंगमेहनतीला असमर्थता एवढ्यावर पेन्शन मिळू लागली, अपंगत्व युद्धातलं असो वा नसो. १८९३ मध्ये केंद्र सरकारच्या खर्चातले सुमारे ४० टक्के पेन्शनवर जात होते. हा इतिहास असताना करदात्याने शंका घेतली तर तो देशद्रोही ठरत नाही.

तिसरा मुद्दा लबाडीचा. कानात आवाज येतो, झोप लागत नाही, पाठ दुखते, ही सगळी माणसाच्या शब्दावर चालणारी लक्षणं. विकलांगतेची टक्केवारी शून्यापासून शंभरपर्यंत दहा-दहाच्या पायऱ्यांनी चढते आणि प्रत्येक पायरीला महिन्याचे डॉलर जोडलेले. तिथे दलाल उभे राहिले नसते तरच नवल. नोंदणी नसलेल्या कंपन्या सैनिकाचा अर्ज रंगवून देतात आणि वाढीव रकमेतला वाटा उचलतात. त्यांना तिकडे ‘क्लेम शार्क’ म्हणतात. आपल्या कोर्टाच्या आवारात असे मासे मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे या मुद्द्यावर मला कोणी भोळं समजू नये.

पण तिसऱ्यापासूनच मागे येत बघा. लबाडी होते कुठे? ज्या लक्षणांना बाहेरून मोजता येत नाही तिथे. विषारी संपर्काच्या यादीत आहे काय? लिम्फोमा, फुप्फुसाचा कर्करोग, पार्किन्सन. बायॉप्सी खोटी आणता येत नाही. कानातल्या आवाजाचे किस्से सांगायचे आणि त्यावरून कर्करोगाच्या रोग्याकडे संशयाने बघायचं, ही या वादातली सगळ्यांत मोठी हातचलाखी आहे. शिवाय गृहीतक फक्त संबंध मानतं, रक्कम ठरवत नाही. माझ्या मित्राचा तो रक्तदाब घ्या. संबंध मान्य झाला तरी टक्केवारी रक्तदाबाच्या आकड्यांवरून ठरते. पुष्कळांना ती शून्य किंवा दहा मिळते. दहा टक्क्यांचे महिन्याला साधारण पावणेदोनशे डॉलर होतात. शंभर टक्क्यांचे चार हजारांच्या आत-बाहेर. एका आजाराच्या शेपटीला दुसरा बांधून टक्के वाढवले जातात हे खरं, पण त्यावर इलाज टक्केवारीच्या तपासणीत आहे. टक्केवारी कडक करा, मी पाठिंबा देईन. दलालांना आत टाका, टाळ्या वाजवीन. संबंधाचा पुरावा परत रोग्याच्या डोक्यावर टाकण्याशी या दोन्ही गोष्टींचं काही नातं नाही.

खर्चाच्या मुद्द्यात १८९० चा दाखला मोठा ठसठशीत वाटतो, पण तो नीट पाहिला तर उलटा पडतो. त्या कायद्याने नोकरी आणि अपंगत्व यांच्यातला धागाच कापला होता. घोड्यावरून पडा की घरच्या जिन्यावरून, पेन्शन सारखीच. गृहीतक धागा कापत नाही. अमुक वर्षांत, अमुक जागी, अमुक विष होतं, आणि अमुक रोगाशी त्या विषाचा संबंध दिसतो, एवढं सगळं त्यात लागतं. फक्त शेवटची गाठ, ‘याच माणसाचा हाच रोग त्याच विषाने’, ही मागत नाही. कारण ती गाठ कोणालाच दाखवता येत नाही. कर्करोगाच्या पेशीवर शिक्का नसतो.

आणि इथे विज्ञानाच्या मुद्द्याला उत्तर आहे. ‘पुरावा अपुरा’ याचा अर्थ ‘संबंध नाही’ असा होत नाही. बलादच्या हवेत रोज काय होतं याची मोजमापं सैनिकागणिक ठेवलीच नव्हती, तर पुरावा पुरेसा होणार कुठून? शास्त्रज्ञ थांबू शकतो. थांबणं हा त्याचा धर्म आहे. निर्णय देणारा अधिकारी थांबू शकत नाही, कारण त्याचं थांबणं हाच एका बाजूचा निर्णय असतो. २०२० पर्यंत धुराचे जे दावे आले त्यांतले तीन-चतुर्थांशांहून जास्त फेटाळले गेले. कोणी म्हणेल, विज्ञान स्पष्ट होईपर्यंत सावधगिरी बाळगली. पण ज्याला फेटाळलं त्याच्या दृष्टीने विज्ञान स्पष्टच झालं होतं: त्याच्या विरुद्ध. चूक टाळण्याचा रस्ता इथे उपलब्धच नाही. गृहीतक ठेवलं तर काही जणांना हक्क नसताना पैसे जातील. काढलं तर काही जण हक्क असताना मरतील. दोन्ही चुका सारख्याच वजनाच्या आहेत असं ज्याला वाटतं त्याने तसं उघड म्हणावं. आकडेमोडीच्या मागे लपू नये.

नौदलाचं उदाहरण तर या बाबतीत शाळेत शिकवावं असं आहे. २००२ मध्ये व्हीएने ठरवलं की व्हिएतनामच्या जमिनीला पाय लागला असेल तरच गृहीतक लागू. किनाऱ्याजवळच्या जहाजांवरचे खलाशी एका फटक्यात बाहेर गेले. ते समुद्राचं पाणी ऊर्ध्वपातन करून पीत. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की नदीमुखाजवळच्या पाण्याचं असं ऊर्ध्वपातन केलं की डायॉक्सिन मागे राहत नाही, वाफेबरोबर पिण्याच्या पाण्यात येतं. ऑस्ट्रेलियाने आपल्या खलाशांना त्याआधारे मदत दिली. अमेरिकेत २००८ मध्ये अपील न्यायालयाने पायाचा नियम उचलून धरला आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने, अल्फ्रेड प्रोकोपिओ या ‘इंट्रेपिड’ जहाजावरच्या खलाशाच्या खटल्यात, देशाचा सागरी हद्दीतला भाग हाही देशच असतो असं सांगून तो मोडला. मधल्या काळात किती जण गेले ते मोजायला कोणी बसलं नाही. नियम कडक होता, पैसा वाचला, विज्ञानाच्या नावाने सगळं चाललं होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

तरीही कोणी म्हणेल, मग सैनिकाने सरकारवर खटला भरावा, न्यायालय ठरवील. इथे बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट आहे. १९५० च्या फेरेस खटल्यापासून अमेरिकी सैनिकाला नोकरीच्या ओघात झालेल्या इजेबद्दल स्वतःच्या सरकारवर सहसा दावा लावता येत नाही. रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांवर लावला, तर त्यांनी १९८४ मध्ये, खटला उभा राहायच्या आदल्या रात्रीपर्यंत ताणून, १८ कोटी डॉलरवर तडजोड केली, जबाबदारी न घेता. पूर्ण विकलांग झालेल्या माणसाच्या वाट्याला त्यातून जास्तीत जास्त बारा हजार डॉलरच्या आसपास आले, तेही हप्त्यांनी. कारखान्यातला कामगार निदान काम सोडू शकतो, युनियन करू शकतो, आणि भोपाळनंतर आपल्याकडे १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून कारखानदाराला धोका आधी सांगावा लागतो. सैनिक हुकूम मोडला तर तुरुंगात जातो. खटल्याचा दरवाजा बंद, नकाराचा दरवाजा बंद. उरला तो पेन्शनचा. तिथेही कुलूप हवं?

दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. २०२२ च्या जुलैअखेर सिनेटमध्ये पॅक्ट विधेयक अडलं तेव्हा माजी सैनिक संसदेच्या पायऱ्यांवर झोपले, आणि सहा दिवसांत तेच विधेयक ८६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं. चांगलं झालं. पण त्या दिवसांतली भाषणं ऐकली तर सगळीकडे एकच सूर: त्यांनी आमच्यासाठी प्राण पणाला लावले, आम्ही एवढंही करू नये का? हा सूर घातक आहे. जे कृतज्ञता म्हणून दिलं जातं ते कृतज्ञता आटली की काढून घेता येतं. शिवाय शौर्याच्या भाषेत स्वयंपाकी, कारकून, ट्रक धुणारा बसत नाही, आणि धूर तर त्यांनीच जास्त खाल्ला. इराकमधल्या अमेरिकी तळांवर भांडी घासायला आणि कचरा उचलायला कंत्राटावर नेलेल्यांत भारतीय होते, नेपाळी होते, फिलिपिनो होते. कंत्राटी कामगारांच्या विमा कायद्याने त्यांनाही भरपाई मागता येते, पण पॅक्टचं गृहीतक त्यांना लागू नाही. ज्याचा त्याने संबंध सिद्ध करायचा, गावाकडून, परक्या भाषेत. वीर कोण हे ठरवायला बसलं की असं होतं.

व्हिएतनाममधल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख होते ॲडमिरल एल्मो झुमवाल्ट. मेकाँगच्या खाड्यांच्या काठावरून अमेरिकी बोटींवर गोळ्या येत, म्हणून ती झाडी फवारून काढायचा आग्रह त्यांचा. त्या बोटींपैकी एकीवर त्यांचा मुलगा होता. तो १९८८ मध्ये कर्करोगाने गेला, वय ४२. फवारणीने अनेक सैनिकांचे जीव वाचले या मतावरून ॲडमिरल कधी हलले नाहीत, आणि त्याच फवारणीने आपला मुलगा गेला हेही त्यांनी मानलं. १९९० मध्ये त्यांनी व्हीएला अहवाल दिला की संबंध नाकारणाऱ्या सरकारी अभ्यासांवर विश्वास ठेवू नका. मला या माणसाबद्दल काय वाटावं हे अजून ठरवता आलेलं नाही. पण हुकूम देणाऱ्याने शंकेची किंमत स्वतः मोजली, असं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आपल्याकडेही हा वाद दाराशी आहे. अपस्मारामुळे सैन्यातून काढलेल्या धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असं धरायचं आणि रोग नोकरीमुळे नाही हे दाखवायचं ओझं सरकारवर. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे नियम आणले, कारण डिसॅबिलिटी पेन्शन वाढत चालली होती, आणि कॅगच्या आकड्यांत जवानांच्या मानाने अधिकाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसत होतं. त्यावरून आपल्याकडेही तेच सुरू झालं: गोल्फ खेळणारे विकलांग कर्नल की सियाचीनचे वीर? पुन्हा तोच चुकीचा आखाडा. अधिकाऱ्यांच्या टक्केवारीत काही काळंबेरं असेल तर ते मेडिकल बोर्डाच्या टेबलावर शोधा. सातारा-सांगलीच्या गावांतला जो नाईक किंवा हवालदार पंधरा-सतरा वर्षांनी घरी येतो, त्याच्या वैद्यकीय कागदांचा मूळ गठ्ठा रेकॉर्ड ऑफिसात असतो. त्याला तिथून कागद मागवावा लागतो आणि त्याच कागदावर तिथल्याच माणसांशी भांडावं लागतं. पुराव्याच्या कायद्यात मी आयुष्यभर वापरलेलं तत्त्व आहे: जो पुरावा तुझ्या हातात असून तू आणत नाहीस, तो तुझ्या विरुद्ध आहे असं न्यायालय मानू शकतं. फाउंड्रीच्या मालकाला जे लागू, ते संरक्षण मंत्रालयाला का नको?

राहिली एक गोष्ट, जी मला माझ्या स्वतःच्या बाजूवर सर्वांत मोठी आच वाटते. २००४ मध्ये व्हिएतनामी नागरिकांनी त्याच रासायनिक कंपन्यांवर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. समोर न्यायाधीश होते जॅक वाइनस्टाइन, म्हणजे ज्यांच्यापुढे १९८४ ची तडजोड झाली होती तेच. त्यांनी मार्च २००५ मध्ये दावा काढून टाकला. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात हे बंदी असलेलं विष नव्हतं, आणि कार्यकारणाचा पुरावाही पुरेसा नाही. वाइनस्टाइन यांना दोष देता येणार नाही. तडजोडीबाहेर राहिलेल्या अमेरिकी सैनिकांचे दावेही त्यांनी कार्यकारणाच्या पुराव्याअभावीच फेटाळले होते. म्हणजे न्यायालयात दोघांची गत एकच झाली. नंतर सैनिकांसाठी संसदेने गृहीतक केलं. दा नांगच्या विमानतळावरची माती अमेरिकेने २०१२ ते २०१८ या काळात भाजून शुद्ध करून दिली, म्हणजे विष तिथे होतं हे मातीपुरतं मान्य झालं. शेतकऱ्यापुरतं नाही. अमेरिकी सैनिकाला आज फक्त एवढं दाखवावं लागतं की ठरलेल्या वर्षांत तो व्हिएतनामच्या हद्दीत होता. शेतकऱ्याकडे तो पुरावा कोणी मागितलाच नाही. तो तिथून कधी बाहेर गेलाच नव्हता.